सूनबाईंचा वाटा

अण्णा,

फ्रीजरच्या वरच्या कप्प्यात, मटारच्या पिशवीमागे, तुमचा तो छोटा स्टीलचा डबा अजून तसाच आहे. झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर तुमच्या टपोऱ्या अक्षरात 'सूनबाईंचा वाटा'. तुम्ही जाऊन आज पंधरावा दिवस. या पंधरा दिवसांत मटार दोनदा काढले, आणि दोन्ही वेळा डबा अलगद बाजूला करून पुन्हा होता तिथे ठेवला. मंदारने ते बघितलं, पण काही विचारलं नाही. तुमचाच मुलगा आहे, विचारण्यापेक्षा वाट बघणं त्याला जास्त जमतं.

इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तुमच्याबद्दल लोकांनी बरंच लिहिलं. नोकरी, निवृत्ती, मनमिळाऊ स्वभाव, कधीही भरून न येणारी पोकळी. तुम्ही ते वाचलं असतंत तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "चांगला दिसतोय हा गृहस्थ. कोण होता म्हणे?" म्हणून मी त्यातलं काही लिहीत नाही. माझं तुमच्याकडे वेगळंच काम आहे. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय आणि मला एक वाक्य परत घ्यायचंय. ते तोंडावर घेता आलं नाही, म्हणून हा खटाटोप.

आई गेल्या त्यानंतरच्या एप्रिलमध्ये तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात, ते आठवतंय? सिंगापूरच्या चांगी विमानतळावर मी काचेच्या अलीकडे उभी होते आणि पलीकडे तुम्हाला कस्टमच्या माणसाने बाजूला घेतलं होतं. सुतळीने आवळलेलं खोकं उघडलं गेलं. आतून निघालं लाकडी पिंप, जस्ताचा डबा, लोखंडी दातेरी चाक आणि ते लांब हँडल. तो संवाद तुम्ही पुढे आठ वर्षं सगळ्यांना ऐकवलात.

"व्हॉट इज धिस, अंकल?"

"आइस्क्रीम."

"वेअर?"

"नॉट येट."

तो माणूस इतका हसला, की त्याने स्वतः सुतळी बांधून दिली. मी मात्र काचेअलीकडे मान खाली घालून उभी होते. लोक आपल्या सासऱ्यांबरोबर लोणची मागवतात, भाजणी मागवतात. माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षांचा आइस्क्रीमचा पॉट आणला होता. टॅक्सीत मी म्हटलं, "अण्णा, आपल्या ब्लॉकखालच्या दुकानात वीस प्रकारचं आइस्क्रीम मिळतं हो." तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "मिळत असेल. होत नसेल."

इथून आपलं भांडण सुरू झालं, असं मी धरते. तुमचं म्हणणं, हाताने फिरवलेल्या आइस्क्रीमला वेगळी चव असते. माझं म्हणणं, चव तीच असते, फक्त चार तास जास्त लागतात.

दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही सिंगापूरचा निकाल लावून टाकलात. "इथे बारा महिने ऊन आहे गं, पण उन्हाळा नाही. उन्हाळा कसा, सुरू व्हावा लागतो आणि संपावा लागतो. ही पोर पाच वर्षांची झाली आणि हिने एकही उन्हाळा बघितलेला नाही." इरा तेव्हा सोफ्यावर उलटी लोंबकळत होती. तिने विचारलं, "आजोबा, उन्हाळा इज अ प्लेस?" तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी मुलीला जेवायलाच घातलं नव्हतं.

मग जूनच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी सकाळी, बिनबाह्यांचा बनियन घालून, डोक्यावर ओला पंचा ठेवून तुम्ही हॉलमध्ये उभे राहिलात आणि जाहीर केलंत, "आजपासून उन्हाळा." त्या दिवसापासून आमच्या बुकित बातोकच्या नवव्या मजल्यावर दरवर्षी बरोब्बर चार आठवडे उन्हाळा असायचा. त्यात दुपारी जमिनीवर पडून पत्ते. त्यात धने-जिऱ्याचं सरबत. एसी बंद, कारण 'उन्हाळ्यात घाम आला नाही तर त्याला उन्हाळा कोण म्हणेल'. आणि तो माठ! तोही दुसऱ्या वर्षी मांडीवर घेऊन विमानातून आणलात. इथल्या दमट हवेत माठातलं पाणी काही केल्या गार होईना. मी तुम्हाला बाष्पीभवन समजावून सांगितलं. तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत, एक पेला कोमट पाणी प्यालात आणि म्हणालात, "गार नसेना. वास तर आहे!" संध्याकाळी ऑफिसमधून आले की मी त्याच माठातलं पाणी प्यायचे. ते तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही, पण तुमच्या लक्षात आलं असणार, कारण पेला नेहमी भरून ठेवलेला असायचा.

पहिल्या वर्षीच्या पॉटची गोष्ट मात्र मी कुणालाही सांगताना तुमची बाजू घेत नाही, आजही घेणार नाही. बर्फापासूनच सुरुवात झाली. तुम्ही इराला घेऊन मार्केटात गेलात आणि सगळ्यात जास्त बर्फ जिथे दिसला तिथून दोन पिशव्या आणल्यात. तो मासळीवाल्याचा होता. घरभर पापलेटाचा वास आणि तुम्ही, जन्मात अंड्याला न शिवलेला माणूस, नाक दाबून बाथरूममध्ये तो ओतताय. मग खालच्या कॉफीशॉपमधल्या पेयांच्या गाळ्यावरच्या अंकलने बर्फ दिला. तो चिनी, सत्तरीकडे आलेला, मोजून चार शब्द बोलणारा. तुमचं इंग्रजीही चार शब्दांचंच, त्यामुळे तुमचं दोघांचं पहिल्या दिवसापासून छान जमलं.

पॉट मांडला ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, वॉइड डेकवर. आता, सिंगापूर म्हणजे दंड, हे तुम्ही पुण्याहूनच डोक्यात घेऊन आला होतात. लिफ्टमधली, बसस्टॉपवरची प्रत्येक पाटी तुम्ही मोठ्याने वाचायचात. त्या पिंपाला वरच्या अंगाला एक भोक असतं, बर्फ वितळला की खारं पाणी तिथून बाहेर पडावं म्हणून. ते पाणी फरशीवर सांडेल, कुणीतरी येऊन दंड करेल, या भीतीने तुम्ही त्या भोकात चिंधी कोंबून ते गच्च बंद केलंत. चाळीस वर्षं पॉट चालवणाऱ्या माणसाने! पाणी चढत गेलं, झाकणापर्यंत आलं आणि गुपचूप आत शिरलं. दीड तास हँडल फिरवून, ब्लॉकमधली दहा-बारा पोरं आणि त्यांच्या आया ताटकळत ठेवून, तुम्ही मोठ्या थाटात झाकण उघडलंत आणि सगळ्यांना समुद्र वाढलात.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात त्या अंकलने दुसरा चमचा घेतला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "व्हेरी स्पेशल. विथ बिअर, कॅन." तुम्ही एवढे हसलात की पिंपावर हात टेकून उभे राहावं लागलं तुम्हाला. घरी आल्यावर म्हणालात, "काही हरकत नाही सूनबाई. आता अख्ख्या ब्लॉकने माझं मीठ खाल्लंय."

त्या दिवसानंतर मी तुमचं आइस्क्रीम खाल्लं नाही. कधी घसा, कधी डाएट, कधी कॉल. खरं कारण घसा नव्हता. त्या खाऱ्या दिवशी, सगळ्यांसमोर, मला तुमची लाज वाटली होती आणि ती तिथेच कुठेतरी अडकून राहिली. तुम्ही ते ओळखलं होतंत का? मला वाटतं, ओळखलं होतंत. कारण दुसऱ्या वर्षीपासून डबा सुरू झाला. सगळ्यांना वाटून झालं की एक छोटा डबा भरायचा, चिकटपट्टी लावायची, 'सूनबाईंचा वाटा' लिहायचं आणि फ्रीजरमध्ये ठेवायचा. आठ दिवस थांबायचं. आठव्या दिवशी फ्रीजरचं दार उघडून मला ऐकू जाईल अशा बेताने विचारायचं, "सूनबाई, आज आठवा दिवस. खाऊ की थांबू?" मी म्हणायचे, "खा अण्णा." मग तुम्ही चमचा घेऊन बसायचात, "वाया जायला नको" असं म्हणत सगळा डबा चाटूनपुसून संपवायचात. दर सुट्टीत असे तीन-चार डबे. मी एकदाही 'थांबा' म्हटलं नाही आणि तुम्ही एकदाही विचारायचं सोडलं नाहीत.

खाली तुमचं राज्य वाढतच गेलं. एका जूनमध्ये शेजारच्या देशातल्या जंगलांच्या आगीचा धूर आला, शाळांनी मैदानं बंद केली, लोक तोंडाला मास्क लावून फिरायला लागले. तुम्ही पॉट आमच्या बाथरूममध्ये मांडलात आणि पोरं एकेक करून आत जाऊन पन्नास फेरे फिरवून बाहेर येत होती. शेजारची मलाय आजी तिच्या तीन नातवंडांना घेऊन रांगेत उभी. मी कॉलवर, आणि क्लायंट विचारतोय तो घरघर आवाज कसला. मी सांगितलं, "कन्स्ट्रक्शन." तुम्हाला हे नंतर कळल्यावर तुम्ही फार खूश झालात.

लिफ्टमध्ये अनोळखी माणसं मला विचारायला लागली, "यू आर आइस्क्रीम अंकल्स डॉटर-इन-लॉ, राइट?" अण्णा, मला ते आवडायचं नाही. बारा वर्षं या देशात राबून मी जे काही झाले होते, ते माझ्या ओळखपत्रावर लिहिलेलं होतं. आणि ब्लॉकला माहीत होतं ते एवढंच, की मी बर्फ फोडणाऱ्या म्हाताऱ्याची सून. मी कसनुसं हसून माझा मजला येण्याची वाट बघायचे.

आता त्या मंगळवारचं सांगते. तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या तोंडून ऐकायला हवं.

इराचं यंदा सहावीचं वर्ष. इथे सहावीच्या त्या एका परीक्षेवर पुढची शाळा ठरते, आणि जूनची सुट्टी म्हणजे सुट्टी नसून तयारी, हे मी तुम्हाला एप्रिलपासून समजावत होते. मंगळवारी दुपारी तीनला तिचा गणिताचा क्लास. तुम्ही मान डोलावलीत. त्या दिवशी माझी मीटिंग रद्द झाली, मी लवकर आले, आणि खाली बघते तर इरा. घामाने केस कपाळाला चिकटलेले, दोन्ही हात हँडलवर, भोवती पोरांचा घोळका, आणि तुम्ही स्टुलावर बसून बर्फावर मीठ पेरताय. घड्याळात पावणेचार.

"इरा, वर चल."

"आई, टेन मिनिट्स, प्लीज लाह! आत्ता जड झालंय." इथल्या पोरांच्या बोलण्यातला तो शेपटीचा 'लाह' तिच्याही तोंडी बसलाय.

तुमचीच शिकवण होती ती. हँडल जड झालं की पोरं कंटाळून पळायची, आणि तुम्ही ओरडायचात, "अरे, जड झालं म्हणजे होत आलं! आता सोडायचं नाही!" इरा सोडत नव्हती. मी तिचे हात धरून हँडलवरून ओढून काढले. तुम्ही म्हणालात, "मेधा, मीच म्हटलं तिला आज राहा म्हणून. बर्फ आणून झाला होता. एक दिवसाने काय होतंय?"

आणि मी म्हणाले, "तुमचं काय अण्णा, तुमचं सगळं करून झालंय."

सगळ्यांसमोर. मराठीत होतं म्हणून बाकीच्यांना शब्द कळले नसतील, पण सूर कळायला भाषा लागत नाही. मलाय आजीने नातवाला जवळ ओढून घेतलं. तुम्ही हातातलं मीठ झटकलंत, एक क्षण पिंपात बघितलंत आणि म्हणालात, "हो, तेही खरंच." मग इराच्या जागी तुम्ही बसलात आणि हँडल फिरवायला लागलात, कारण बर्फ वितळत होता. मी लिफ्टमध्ये शिरेपर्यंत तो घरघर आवाज येत होता.

रात्रीच्या जेवणाला तुम्ही नेहमीसारखेच होतात. पिठलं छान झालंय म्हणालात. फ्रीजर उघडला तेव्हा डबा होता. चिकटपट्टी होती. तुमचं अक्षर नेहमीइतकंच टपोरं होतं, त्यात राग शोधला, पण दिसला नाही. तो दिसला असता तर मला सोपं गेलं असतं.

आठ दिवस मी तुमच्याशी कामापुरतं बोलले. राग दोन दिवसांतच गेला होता, पुढचे सहा दिवस नुसता ताठा. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी मी लॅपटॉप उघडून बसले होते. फ्रीजरचं दार उघडल्याचा आवाज आला.

"सूनबाई, आज आठवा दिवस. खाऊ की थांबू?"

मी स्क्रीनवरून मान वर केली नाही. पण म्हटलं, "थांबा."

मग दार लागलं. तुमच्या चपला फटक फटक करत बाल्कनीकडे गेल्या, आणि तुम्ही तिथे बराच वेळ काहीतरी गुणगुणत होतात. माझ्या मनात होतं, रविवारी सगळे घरी असताना डबा काढायचा, तुमच्यासमोर बसून खायचा आणि ते वाक्य परत घ्यायचं. आयुष्यभर कामाची आखणी करून पोट भरलं मी, अण्णा. रविवार ही मुदत मीच ठरवली होती.

बुधवारी सकाळी तुम्ही रोजच्यासारखे खाली कॉफी प्यायला गेलात. साडेआठला दाराची बेल वाजली. दारात तो अंकल उभा, कमरेला एप्रन, हातात तुमच्या चपला. आठ वर्षांत तो माणूस एकदाही लिफ्टने वर आला नव्हता. त्याला वाक्य जुळवता येईना. "यॉर फादर," तो म्हणाला, "यॉर फादर." फादर-इन-लॉ नाही म्हणाला, आणि मीही दुरुस्त केलं नाही.

तुम्ही त्याच्या टेबलावर डोकं टेकून बसला होतात म्हणे, तो समजला डुलकी लागली. डॉक्टर म्हणाले, कळलंही नसेल. माणसं असं म्हणतात तेव्हा ते मागे राहिलेल्यांसाठी असतं. पण मी ते घेतलं, मला हवं होतं.

इथलं दहन मंडाईला होतं. दोन वर्षांपूर्वी बसवर ती पाटी वाचून तुम्हीच म्हणाला होतात, "वा! म्हणजे पुणेकर इथे मेला तरी शेवटी मंडईतच." मंदारला ते गाडीत आठवलं आणि तो रडता रडता हसायला लागला. मला वाटलं होतं, आम्ही तिघं आणि मंडळाची चार माणसं असू. अण्णा, आमच्या ब्लॉकमधली मिळून एक अख्खी बस भरली. मलाय आजी आली, तिची नातवंडं आली, मोठ्याला तर आता मिशा फुटल्यात. अंकलने गाळा बंद ठेवला होता, पांढरा शर्ट घालून तो शेवटच्या रांगेत उभा होता. ज्यांनी तुमचं मीठ खाल्लं होतं, ते सगळे त्याला जागले. तिथल्या एका कर्मचाऱ्याने मला विचारलं, आपण कोण? मी म्हणाले, "आय ॲम आइस्क्रीम अंकल्स डॉटर-इन-लॉ." आणि मान ताठ ठेवून म्हणाले. इतकी वर्षं ओळखपत्र गळ्यात घालून फिरले, पण आपण कुणाच्या आहोत हे सांगताना एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता. तुम्ही इथली भाषा बोलत नव्हतात, तुमच्या पासवर 'व्हिजिटर' लिहिलं होतं, आणि या गावाला जो एक ऋतू नव्हता, तो तुम्ही पिंपातून आणून दरवर्षी चार आठवडे चालवलात. हे दुसऱ्या कुणाला जमलेलं मी बघितलेलं नाही.

काल चौदावा दिवस, गोडाच्या जेवणाचा. मंदार म्हणाला, मंडळातल्या काकूंना श्रीखंडाचं सांगून टाकतो. इरा इतके दिवस फारसं बोललीच नव्हती. ती ताटावरून उठली, तुमच्या खोलीत गेली आणि पिंप फरफटत हॉलमध्ये घेऊन आली. "गोड म्हणजे हे," ती म्हणाली. "श्रीखंड इज नॉट आजोबा." मंदारने माझ्याकडे बघितलं. लोक काय म्हणतील, असं माझ्या तोंडावर आलं होतं. तेवढ्यात लक्षात आलं की आज मंगळवार, क्लासचा दिवस. मी फोन उचलला आणि क्लासच्या सरांना सांगितलं, "आज इरा येणार नाही. घरी काम आहे." "व्हॉट काम?" इराने विचारलं. मी म्हटलं, "उन्हाळा." बाकी मुद्दा मी सोडलेला नाही हं अण्णा, गुरुवारी ती क्लासला जाणार आहे.

जेवण मुद्दाम संध्याकाळी ठेवलं, म्हणजे ब्लॉकमधल्यांना येता येईल. इराने सगळ्यात आधी काय केलं असेल? पिंपाच्या भोकात बोट घालून बघितलं. "होल चेक्ड," म्हणाली, आणि पहिल्या वर्षी तिथे असलेले सगळे हसले. अंकलने बर्फ आणून ठेवला, तोही तुमच्यासारखा गोणपाटात फोडून. दूध मी आटवलं होतं, आंब्याचा रस मंदारने काढला. पोरांनी फेरे फिरवले, मंदारने फिरवले. मग हँडल जड झालं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. आठ वर्षांत मी त्या स्टुलावर बसले नव्हते. ते हँडल एवढं गुळगुळीत झालंय हे मला माहीत नव्हतं. वीस फेऱ्यांत खांदे भरून आले, मी हात काढायला गेले, तर इरा अगदी तुमच्या आवाजात ओरडली, "आई! डोन्ट स्टॉप लाह! जड झालं म्हणजे होत आलं!"

मी सोडलं नाही. झाकण इराने उघडलं, सगळ्यांना तिने वाढलं, आणि कुणालाही वाढण्याआधी एक चमचा स्वतः चाखून मीठ नाही ना बघितलं. ती तुमची उन्हाळ्याची पोर आहे. परीक्षेत काय होईल ते होवो, जड झालेलं हँडल ती सोडणार नाही, आणि तेवढं मी कुठल्या क्लासला घालूनही तिला शिकवू शकले नसते. हे मी त्या मंगळवारी बघायला हवं होतं. माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि मी घड्याळ बघत होते.

तर ते वाक्य मी परत घेते. तुमचं सगळं करून झालेलं नव्हतं. तुम्ही त्या क्षणीही काहीतरी करतच होतात.

आज रजा टाकलीय. मंदार ऑफिसला गेलाय, इरा खाली आहे. हे लिहिता लिहिता मी डबा काढून टेबलावर ठेवला होता, तो आता थोडा सुटलाय. वर बर्फाचे बारीक कण जमलेत. पहिला चमचा घेतला. केशर जरा जास्त पडलंय, तुमचा हात नेहमीच सैल. आंब्याच्या दोन फोडी तुम्ही तळाशी घालून ठेवल्यात, तशा दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येत नव्हत्या हे मला इराने काल सांगितलं.

फरक असतो, अण्णा. तुम्ही जिंकलात.

डबा चाटूनपुसून संपवला. वाया जाऊ दिलं नाही. मग धुतला, पुसला, आणि कालच्या उरलेल्यातलं त्यात भरलं. तळाशी दोन फोडी घातल्या. जुनी चिकटपट्टी माझ्या डायरीत लावून ठेवलीय, झाकणावर नवीन लावली. माझं अक्षर तुमच्याइतकं टपोरं नाही, पण वाचता येतंय: 'अण्णांचा वाटा'.

मटारच्या मागे ठेवते. आठ दिवस थांबेन. मग मी खाईन.